आधी तुम्ही बोला

लोणावळा
८ नोव्हेंबर १९७०

प्रिय अनंता,

तुझ्यावाचून गेलेली ही तिसरी भाऊबीज. चकल्या डब्यात भरून ठेवल्या होत्या, पण बँकॉकला पोचेपर्यंत त्यांचा चुरा होईल असं तुझ्या मेहुण्यांनी पटवून दिलं, आणि मग आम्हीच संपवल्या. आमच्या इंदिराला सासरच्यांनी नागपूरहून चार दिवस पाठवलं होतं. घर भरल्यासारखं वाटलं.

तुझे भागीदार महिपतराव परवा येऊन गेले. तुंगार्लीच्या जागेवर तुम्ही दोघं हॉटेल बांधणार त्याचा नकाशा त्यांनी आमच्या जेवणाच्या टेबलावर पसरला. वीस खोल्या, पुढं बाग. "तुमच्या भावाला जग कळतं, वहिनी," असं चारदा म्हणाले. मला बरं वाटलं. तू परत येशील, तेही इथंच, या गोष्टीवर माझा अजून विश्वास बसत नाही.

एक काम आहे. चिंगी आठवते ना? आंदर मावळातल्या ठाकरवाडीवरून मोळी घेऊन यायची ती. आईच्या शेवटच्या दुखण्यात दोन महिने आपल्याकडं राहिली होती, आईला कुशीवर वळवायला तिच्याशिवाय कुणाला जमत नसे. आता पंचविशीची झाली. नवरा दोन वर्षांपूर्वी वारला. सध्या महिपतरावांच्या 'गारवा' बंगल्यावर केरवारे करते. ते तो बंगला मुंबईच्या पाहुण्यांना शनिवार-रविवार भाड्यानं देतात. गेल्या आठवड्यात ती माझ्या दवाखान्यात आली, मनगट मोडलेलं. पायरीवरून पडले म्हणाली. दंडावर चार बोटांचे वळ होते. मी विचारायला हवं होतं, पण बाहेर रांग होती आणि डॉक्टर 'सिस्टर, सिस्टर' अशा हाका मारत होते.

बंगल्यावरचं काम अवजड असणार. तू महिपतरावांना एक ओळ लिही, की नव्या हॉटेलात हिला कायमची जागा द्या. तुझा शब्द ते मोडणार नाहीत.

तब्येतीला जप.

तुझी
ताई


बँकॉक
२४ नोव्हेंबर १९७०

प्रिय ताई,

पत्र वाचताना चकल्यांचा वास आला.

इथं सगळं छान चाललंय. आमचं हॉटेल नऊ मजली, आणि एकही खोली रिकामी नसते. पाहुणे बहुतेक अमेरिकन सैनिक. शेजारी व्हिएतनाममध्ये लढाई चालू आहे, तिथून पाच दिवसांच्या सुट्टीवर त्यांना इथं पाठवतात. मी रिसेप्शनला असतो. हसून बोलायचं, किल्ली द्यायची, कुणाला देऊळ बघायचं असेल तर गाडी सांगायची. ताई, येत्या काळात जगातला सगळ्यात मोठा धंदा कारखान्यांचा नसेल, प्रवाशांचा असेल. महिपतराव एप्रिलमध्ये इथं येऊन हे सगळं बघून गेले आहेत. लोणावळ्यात त्यांच्याइतकी दृष्टी कुणाला नाही.

चिंगीचं म्हणशील तर नोकरचाकरांच्या बाबतीत मी बोलणं बरं दिसणार नाही. ते महिपतराव बघतात. आणि खरं सांगू, तिनं वाडीवरच परत जावं. मोकळी हवा, आपली माणसं. बंगल्यावरचं काम तिच्यासाठी नाही. तिला तसं सांग, लवकर सांग.

इंदिराला आशीर्वाद. मेहुण्यांना नमस्कार.

तुझा
अनंत


लोणावळा
१३ डिसेंबर १९७०

अनंता,

'लवकर सांग' हे दोन शब्द मी पुन्हा पुन्हा वाचले. घाई कसली ते तू लिहिलं नाहीस. म्हणून प्लॅस्टर बघायच्या निमित्तानं मी चिंगीला घरी बोलावलं, दार लावलं, चहा दिला आणि विचारलं.

तिनं कप खाली ठेवला. मग एका दमात बोलली. 'गारव्या'वर रखवालदार भिकाजी आहे. पाहुणे आले की तो बायांना एकेकटीला वर पाठवतो, कधी पाण्याचा तांब्या घेऊन, कधी चादर घेऊन. त्या पाहुण्यांना आधीच सांगितलेलं असतं. सहा बाया आहेत, सगळ्या आंदर मावळातल्या वाड्यांवरच्या, बहुतेक विधवा नाहीतर नवऱ्यानं टाकलेल्या. वाडीवर सांगू म्हणाल्या तर भिकाजी म्हणतो, सांगा की, तुम्हालाच वाळीत टाकतील. चिंगी व्हरांड्यावरून खाली उडी मारून पळाली. मनगट तिथं मोडलं.

हल्ली मुंबईच्या पाहुण्यांबरोबर परदेशी माणसंही येतात. सहांपैकी विठाबाई दसऱ्यापासून दिसत नाही. मुंबईला मोठ्या हॉटेलात काम लागलं असं तिच्या वडलांना सांगितलंय. पत्ता कुणालाच माहीत नाही.

अनंता, ज्या टेबलावर मी महिपतीला पोहे वाढले तिथंच बसून लिहितेय. मला एवढंच सांग, तुला हे माहीत होतं का?

तू परदेशातल्या हॉटेलात आहेस असं मी चिंगीला म्हटलं, तेव्हा ती म्हणाली, मला भाऊंना काही विचारायचंय, लिहून घ्या. ती बोलली तसंच सोबतच्या कागदावर लिहिलंय, काना-मात्रा बदललेला नाही.

ताई


(सोबतचा कागद)

अनंतभाऊ,

मी चिंगी. आईसायबांच्या टायमाला तुमी मला घड्याळ बघाया शिकिवलं व्हतं. मी बरी हाय. हात बसला.

ताई म्हन्त्यात तुमी लय मोठ्या हाटेलात हाये, तितं देशोदेशीचं पाव्हनं येत्यात. म्हनून इचारते. तितं बी बायांस्नी वर धाडत्यात का? धाडत असतील तर त्या बाया कुटल्या? त्यांचं गाव आसंल, आईबाप आसत्याल. मागनं त्यांचं काय व्हतं? त्या घरला जात्यात का न्हाई?

आमच्या इठाबाईला नेली. ती चार बुकं शिकल्याली न्हाई, तिला पत्र धाडता येत न्हाई. तिचा बाप बुधाआबा दर बाजारच्या वाराला आमच्या टाकव्या गावास्नं पुन्याच्या रस्त्याला कान्ह्याच्या फाट्यावर येऊन बसतो, मुंबईच्या गाड्या बघतो. मी त्याला काय सांगू ते मला कळवा. खोटं कळवू नगा. खोटं सांगाया भिकाजी हाय.

चिंगी


लोणावळा
२ फेब्रुवारी १९७१

अनंता,

सात आठवडे झाले. पत्र गहाळ झालं असेल असं मेहुणे म्हणतात. मला तसं वाटत नाही.

मी पोलीस ठाण्यात गेले होते. फौजदार चांगला माणूस आहे, पण म्हणाला, बाई, बायांच्या असल्या धंद्याविरुद्ध छप्पन सालचा कायदा आहे खरा, पण मला पुरावा द्या. चिंगीच्या एकटीच्या शब्दावर बंगल्याच्या मालकाला मी हात कसा लावू? बाकीच्या चौघी तोंड उघडायला घाबरतात.

बुधाआबा काल दवाखान्यात आला. दुखत काहीच नव्हतं. बाकावर बसला, माझं काम उरकल्यावर म्हणाला, "बाई, मुंबई केवडी हाय?"

त्याचं उत्तर मी तुझ्याकडं मागतेय. तू देऊ शकत असशील तर दे.

ताई


बँकॉक
२१ फेब्रुवारी १९७१

ताई,

मला माहीत होतं.

हे तीन शब्द लिहायला मला नऊ आठवडे लागले. चिंगीचा कागद माझ्या खिशात होता, कोट बदलला तरी मी तो या खिशातून त्या खिशात ठेवत होतो.

आता सगळं लिहितो. मी रिसेप्शनला असतो हे खरं, पण माझ्या काउंटरखाली एक अल्बम असतो. किल्ली देताना पाहुण्यानं विचारलं की तो पुढं करायचा. अडीच वर्षं मी तो पुढं करतोय. फोटोतल्या कुणालाही मी स्वतः आणलं नाही, कुणाला हात लावला नाही, आणि म्हणून मी स्वतःला सभ्य समजत होतो.

चिंगीला सांग, होय, इथंही धाडतात. हजारोंनी. त्या बाया या देशाच्या ईशान्येकडच्या कोरड्या मुलखातल्या, भात लावणाऱ्या, म्हशी राखणाऱ्या. अंगानं अगदी आपल्या मावळातल्या. चिंगीनं विचारलं म्हणून मी पहिल्यांदा एकीला विचारलं, तुझं गाव कुठलं. नोई तिचं नाव. अठ्ठावीस वर्षांची आहे. ती इतकी दचकली की मला माझीच लाज वाटली. मग तिनं काउंटरवर बोटानं नदी काढली, देऊळ काढलं, आणि एक ठिपका दाखवून म्हणाली, इथं माझी आई. चार वर्षांत ती घरी गेलेली नाही. दलाल म्हणतो सोडीन, पण सोडत नाही. काही जणी घरी जातात, चिंगीला हेही सांग. पण त्यांना कुणी सोडत नाही, त्यांना कुणीतरी न्यायला येतं तेव्हाच त्या जातात.

गेल्या महिन्यात युरोपातल्या एका प्रवासी कंपनीचा माणूस आला होता. लढाई आज ना उद्या संपेल, सैनिक परत जातील, मग या हजारो खोल्यांत कोण राहणार, हा इथल्या सगळ्या मालकांना घोर आहे. त्यानं तोडगा आणला. विमानं भरून पुरुष आणायचे, एकाच तिकिटात प्रवास, खोली, जेवण आणि बाई. मनिलात, सेऊलमध्येही तो हेच बोलून आला होता. आमचे मालक खूश झाले. ताई, ही लढाईबरोबर संपणारी गोष्ट नाही. लढाईनं फक्त तिला खोल्या बांधून दिल्या.

महिपती एप्रिलमध्ये माझ्या लॉबीत बसून हे सगळं बघत होता. तो म्हणाला, "अनंतराव, आपल्याकडं डोंगर आहेत, मुंबईचा विमानतळ अडीच तासांवर आहे, मग हे आपल्याकडं का नाही?" मी म्हटलं, "होईल हळूहळू." मला हॉटेल हवं होतं.

सोबत त्याचं पत्र जोडतोय. ऑक्टोबरमधलं, त्याच्या अक्षरातलं, सहीनिशी. त्यात लिहिलंय की डोंगरातल्या सहा बाया हाताशी आहेत, बोलणाऱ्या नाहीत. एक दसऱ्याला मुंबईच्या एका लॉजवर ठेवली आहे, पासपोर्टचं मी बघतो, पुढं तुमच्याकडं पाठवता येईल का? लॉजचा पत्ता आहे. मी त्याला होही म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. पत्र खणात टाकलं. तुझं चिंगीबद्दलचं पत्र आलं तेव्हा ते त्याच खणात होतं.

हे फौजदाराला दे. माझं नाव त्यात आहे, ते झाकू नकोस. साक्ष द्यावी लागली तर मी येईन.

मोठी बहीण म्हणून तू मला आता काय म्हणशील ते ऐकायची तयारी आहे.

अनंत


लोणावळा
२३ मे १९७१

अनंता,

तुझं पत्र आलं तेव्हा तुला उत्तर लिहिण्याआधी दुसरं काम होतं. मेहुण्यांनी ते वाचलं, चष्मा पुसला आणि टोपी घालून माझ्याबरोबर थेट पोलीस ठाण्यात आले. फौजदारानं ते दोनदा वाचलं आणि मला बसायला खुर्ची दिली.

त्यानंतरचं आता सांगते.

मुंबईच्या पोलिसांनी मार्चमध्ये त्या लॉजवर छापा घातला. विठाबाई तिथं नव्हती, दुसरीकडं हलवली होती. तिसऱ्या ठिकाणी सापडली, एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात. जिवंत आहे. कोर्टानं तिला तूर्त सरकारी महिलाश्रमात ठेवलंय. भिकाजीला आणि महिपतीला अटक झाली. महिपती जामिनावर सुटून आला आणि हंगाम तोंडावर आलेला म्हणून त्यानं 'गारवा' पुन्हा उघडला. कोर्टाचं चालतं तसं चालेल, पाहुणे थांबत नाहीत, असं तो चौकात म्हणाला.

ते चिंगीच्या कानावर गेलं. माझा सल्ला न घेता ती तिच्या मावशीला, भागूबाईला घेऊन आंदर मावळात चालत निघाली. चार दिवस या वाडीवरून त्या वाडीवर. तिनं बायांना काय सांगितलं ते मला भागूबाईकडून कळलं. ती फार बोलली नाही. आधी स्वतःचं सांगितलं, भर वाडीत, पुरुषांसमोर. व्हरांड्यावरून उडी का मारली ते. मग म्हणाली, "मला वाळीत टाकायची आसंल तर आत्ताच टाका. न्हाई तर ऐका."  तेव्हा शिदू, तिचा चुलतसासरा, उठून तिच्या शेजारी जाऊन बसला. त्यावर बाकीच्यांना काय समजायचं ते समजलं.

लोणावळ्याच्या बंगल्यांचं पाणी कोण भरतं, भांडी कोण घासतं, सरपण कोण आणतं, याचा आपण कधी विचार केला होता का? चिंगीनं केला. मेच्या दुसऱ्या शनिवारी 'गारव्या'वर अकरा पाहुणे उतरले आणि एकही बाई आली नाही. परीटवाड्यातल्या शालूबाईनं चादरींचं गाठोडं तसंच परत पाठवलं. टाकी कोरडी, चूल थंड. महिपती स्वतः विहिरीवरून हंडे वाहताना आख्ख्या बाजारानं बघितला. रविवारी दुपारी पाहुणे गाड्या काढून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी बाकीच्या बंगल्यांवरही बाया गेल्या नाहीत. त्या सगळ्या माझ्या दवाखान्यामागच्या आंब्याखाली येऊन बसल्या, साठ-पासष्ट तरी असतील. मालक आणि माळी एकेक करून तिथं आले, तेव्हा चिंगीनं अटी सांगितल्या. एका बंगल्यावर दोघी जातील, एकटी नाही. खोली झाडताना दार उघडं राहील. दिवेलागणीच्या आत घरी. कुणी वाकडं बोललं तर त्या बंगल्यावर पुन्हा कुणीच नाही. एका निवृत्त मास्तरांनी, हौशीराम मास्तर त्यांचं नाव, सगळ्यांत आधी मान्य केलं. तेही हॉटेल काढायच्या विचारात आहेत, आठ खोल्यांचं, कुटुंबांसाठी. संध्याकाळपर्यंत बहुतेकांनी मान डोलावली. हंगामात दुसरं करणार काय?

त्याच आठवड्यात महिपती माझ्या दारात आला. म्हणाला, खटला उभा राहिला तर तुमच्या भावाचंही नाव निघेल, वहिनी. मी म्हटलं, "त्याचं नाव त्यानंच काढून दिलंय." तो आला तसा पायऱ्या उतरून गेला.

चौघीजणी आता जबानी द्यायला तयार आहेत.

विमानं भरून माणसं येतील हे तुझं वाक्य मी चिंगीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "पाव्हनं येनारच. डोंगर काय झाकून ठिवता येत्यात? पर पाव्हन्यास्नी काय दावायचं आन काय न्हाई, ते हितल्यांनी ठरवायचं."

मला तुझा राग आहे. तो जायला वेळ लागेल. पण माझं नाव झाकू नकोस म्हणालास, त्या वाक्यावर मी अजून तुझी बहीण आहे.

ताई


बँकॉक
११ जून १९७१

प्रिय ताई,

मी नोकरी सोडली. अल्बम काउंटरवर ठेवला आणि निघालो. मालक हसले, म्हणाले, उद्या दुसरा येईल. ते खरंच आहे, दुसरा आलाही.

जाण्याआधी एक गोष्ट केली. इथं काही नन आहेत, धंद्यातून सुटू पाहणाऱ्या बायांना शिवणकाम शिकवून गावी पोचवतात. नोईला मी त्यांच्याकडं नेलं. दलालानं तिसऱ्या दिवशी येऊन दार ठोठावलं, ननांनी ते उघडलं नाही. गेल्या रविवारी त्यांच्यातली एक तिला घेऊन तिच्या गावच्या गाडीत बसली. हजारोंतली एक, हे मला कळतं. पण 'न्यायला कुणीतरी यावं लागतं' असं मी चिंगीला लिहिलं होतं, आणि मग इथंच आहे तोवर ते कुणीतरी मी का नाही, असं वाटलं.

महिन्याभरात मुंबईला उतरेन. लोणावळ्याला येऊ का? हॉटेलसाठी नाही. ते संपलं. मला चिंगीला आणि विठाबाईच्या वडलांना भेटायचंय. त्यांनी दारातून परत पाठवलं तरी चालेल. तू त्यांना विचारून कळव. मुंबईत गिरगावच्या जुन्या पत्त्यावर असेन.

अनंत


लोणावळा
१९ ऑगस्ट १९७१

प्रिय अनंता,

उशीर झाला, कारण सगळ्यांत आधी जिला विचारायला हवं ती विठाबाईच घरी आलेली नव्हती. परवा आली.

बुधाआबा तिला आणायला मुंबईला गेला. आयुष्यात पहिल्यांदा. मेहुणे बरोबर होते. आश्रमाच्या दाराशी ती बाहेर आली, तिनं बापाला बघितलं आणि पदर तोंडावर ओढून भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. मेहुणे सांगत होते, बुधाआबा तिच्यापाशी गेला आणि दुसरं काहीच न बोलता म्हणाला, "इठे, लावनी झाली. यंदा तुज्यावाचून लय वडाताण झाली." मग तिचं बोचकं उचललं. गाडीत दोघं घाटापर्यंत भाताबद्दल बोलत आले.

वाडीवर कुणी कुजबुजलं नसेल असं नाही. पण पहिल्याच दिवशी भागूबाईनं तिला आपल्या चुलीपुढं बसवून आधी जेवायला वाढलं, मग घरातल्यांना. ज्यांना बघायचं होतं त्यांनी बघितलं.

तिशीची बाई आहे, आणि दहा वर्षांनी थोराड दिसते. फार कमी बोलते. मी तिला तुझं सगळं सांगितलं. पत्र तुझ्या खणात पडून होतं, हेही. लपवावंसं वाटलं होतं, पण चिंगीनं लपवू दिलं नाही.

ऐकून ती उठून बाहेर गेली. माघारी आली तेव्हा म्हणाली, "त्यास्नी मला भेटाया येऊ नगा म्हनावं. माफीबिफी मला काय करायची? पर वडगावच्या कोडतात मला बोलावत्यात. समद्या मानसांत मला सांगायचंय. त्यास्नी म्हना, आदी तुमी बोला. तुमचं समदं बोला. मंग मी बोलन."

हा तिचा निरोप. तू ये. तुझी खोली झाडून ठेवली आहे.

ताई


लोणावळा
२५ फेब्रुवारी १९७२

प्रिय ताई,

इंदिराच्या मुलीचं नाव काय ठेवलंत? मेहुणे रोज टपालवाल्याची वाट बघतात. आम्ही दोघं पुरुष घरात भातच खातोय. तुझा नागपूरचा मुक्काम संपेपर्यंत बहुतेक तोच खाऊ.

कोर्टाचं तू तारेनं विचारलंस, पण तारेत मावणारं ते नव्हतं.

साक्षी तीन तारखेला झाल्या. वडगावच्या त्या लहानशा कोर्टात उभं राहायला जागा नव्हती. आंदर मावळातून बाया पहाटेच निघून चालत आल्या होत्या, भिंतीला टेकून ओळीनं बसल्या होत्या. आधी मला पुकारलं. मी सगळं बोललो. अल्बम, लॉबी, 'होईल हळूहळू', खण. महिपतीच्या वकिलानं विचारलं, "म्हणजे तुम्ही स्वतः हाच धंदा करत होता?" मी म्हटलं, "होय." "किती वर्षं?" "अडीच." त्यानं वळून न्यायाधीशांकडं बघितलं, असा माणूस काय साक्ष देणार, अशा अर्थानं.  पण एक नवल वाटलं, ताई. होय म्हटल्यावर भ्यायला काही उरलं नाही.

मग विठाबाई. पिंजऱ्यात आली, पदर खांद्यावर नीट घेतला, नाव विचारल्यावर बापाचं आणि वाडीचं नाव जोडून सांगितलं. दीड तास बोलली. एकदाच थांबली, पाणी प्यायली. वकिलानं विचारलं की तुला कोंडलं होतं म्हणतेस, मग सहा महिन्यांत पळून का गेली नाहीस? ती म्हणाली, "कुटं पळू? रस्त्यावर कुनाला बी इचारलं टाकवं कुटं, तर कुनाला म्हाईत न्हवतं. मला वाटाया लागलं, टाकवं न्हाईच कुटं. मीच सपान बघितलं."  लिहिणारा कारकून लिहायचा थांबला होता. न्यायाधीशांनी त्याला हळूच सांगितलं, "लिहा. सगळं लिहा."

तिच्यानंतर चौघी आणि चिंगी. कुणी अडखळलं नाही.

काल निकाल लागला. महिपतीला दोन वर्षं सक्तमजुरी, भिकाजीला एक. महिपती वर अपील करेल. मुंबईच्या लॉजवाल्याचा खटला वेगळा चालेल. 'गारव्या'ला कुलूप आहे. माझ्यावर काही आलं नाही, साक्षीदार म्हणून सोडलं. बरोबर झालं की नाही ते मला ठाऊक नाही. लोक रस्त्यात माझ्याशी बोलतात, काही बोलत नाहीत. दोन्ही मी चालवून घेतो.

आता कामाचं. हौशीराम मास्तरांनी त्यांच्या आठ खोल्या बघायला मला ठेवलंय. रामनवमीला उघडायचं. मी त्यांना म्हटलं, माझा पूर्वेतिहास सगळ्या तालुक्याला माहीत आहे. ते म्हणाले, म्हणूनच, तुला काही वावगं दिसलं तर तू ओळखशील. चिंगी बायांची मुकादम. तिच्या अटी मास्तरांनी पाटीवर रंगवून दर्शनी भिंतीला लावल्या आहेत, पाहुण्यांना आल्या आल्या दिसतील अशा. दोन मुंबईची कुटुंबं त्या वाचून तिथल्या तिथं खोल्या सांगून गेली. पनवेलचा एक हॉटेलवाला त्या अटी कागदावर उतरवून घेऊन गेला.

आज सकाळी चिंगी विठाबाईला घेऊन आली. मला वाटलं नव्हतं ती येईल. निकाल लागेपर्यंत ती माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती. तिनं सगळ्या खोल्या हिंडून बघितल्या, खिडक्या उघडल्या, मोरीत डोकावली. मागच्या बाजूला कामाच्या बायांना दुपारी बसायला-टेकायला एक खोली केली आहे, तिथं ती थांबली. दाराला बाहेरून कडी होती, सुतारानं नेहमीसारखी ठोकलेली. त्या कडीवर तिनं हात ठेवला आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "ही काडा. कडी आतनं पायजे."

सुतार चहाला गेला होता. मीच पेचकस आणून ती काढली, आतल्या बाजूला बसवली, चार स्क्रू. मला जमायला वेळ लागला. ती तशीच उभी होती. झाल्यावर ती आत गेली आणि दार लावून घेतलं. कडी घातल्याचा आवाज आला. मी आणि चिंगी बाहेर उभे. सुतार चहा पिऊन परत आला तरी कडी निघाली नाही. मी चिंगीकडं बघितलं, ती म्हणाली, "असू द्या."

मग कडी निघाली. विठाबाई बाहेर आली, दाराच्या दोन्ही फळ्या उघड्या टाकल्या आणि म्हणाली, "सोमवारपास्नं येते."

तुझा
अनंत